बदलीचा तास

४ ऑगस्ट

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही, माझे गुडघे होते तसेच आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधेच बोलतेस. लहानपणापासून माझं एकही वाक्य तू पूर्ण होऊ दिलेलं नाहीस. पत्रात तुझा इलाज चालत नाही. शिवाय आपण फोनवर हल्ली बोलतो तरी काय? माझ्या वाढदिवसाला तू फुलांचं चित्र पाठवतेस, मी उलट हात जोडल्याचं चित्र पाठवते. झाली विचारपूस.

पत्ता भाचीकडून घेतला. तिला म्हटलं, तुझ्या आईला सांगू नकोस. म्हणजे तिने लगेच सांगितलं असणारच.

तर बातमी अशी की मी मास्तरीण झाले आहे. हसून घे, मग पुढे वाच.

इथल्या ग्रंथालयशास्त्र विभागात शेवटच्या वर्षाला व्यवस्थापन शिकवणाऱ्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. विभागप्रमुख माझ्या घरी आले, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, "एक सत्र सांभाळा. विषय आहे ग्रंथालय व्यवस्थापन आणि नेतृत्व."

मी म्हटलं, "नेतृत्वासाठी तुम्हाला माझी मोठी बहीण हवी होती. मी जन्मभर कुणाच्या तरी हाताखाली काम केलंय."

तर म्हणतात कसे, "हो, पण त्या इथे नाहीत ना."

म्हणजे तू नाहीस म्हणून मी. यात मला नवीन काही नव्हतं, म्हणून हो म्हटलं.

वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. लांब बाकं, जुन्या काळ्या फळ्यावरच ठोकलेला पांढरा फळा, आणि एक पंखा, जो फक्त शिक्षकाच्या डोक्यावर फिरतो. पहिल्या दिवशी मी काही शिकवलंच नाही. एकेकाला विचारलं, ग्रंथपाल का व्हायचंय? कुणी म्हणालं, नोकरी बरी असते. कुणी म्हणालं, वडिलांनी फॉर्म भरला. एक मुलगी आहे, प्रत्येक वाक्याला "पण मॅडम" म्हणून उभी राहते. तिला मी मनात वकील म्हणते. ती म्हणाली, "मला संचालक व्हायचंय." मला कोण आठवलं ते सांगत नाही.

शेवटच्या बाकावर एक होती, मान खाली घालून. तिचं बोलणं पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, "मला माणसं फारशी आवडत नाहीत, मॅडम. पुस्तकं आवडतात. म्हणून इकडे आले."

सगळा वर्ग हसला. मी नाही हसले. म्हटलं, "अगं, पुस्तक कुणीतरी मागतं, कुणीतरी काढून देतं, कुणीतरी पान फाडतं, कुणीतरी परतच आणत नाही. हे सगळे कुणीतरी म्हणजे माणसंच. फळीवरचं पुस्तक फळीवरच राहावं असं वाटत असेल तर गोष्ट वेगळी." तिने मान आणखी खाली घातली. तिचं नाव मी अबोली ठेवलंय.

घरी येताना बाबांची पुस्तकबांधणीची खोली आठवली. शाळा सुटली की आपण थेट तिथे. खळीचं ते पांढरं पातेलं, दाबयंत्राचा दांडा, त्याला लोंबकळू नका म्हणून बाबांचं ओरडणं. तू कातरणांचे गठ्ठे रचून ग्रंथपाल व्हायचीस आणि मी कायम वाचक. उशीर झाला की दंड म्हणून तू माझ्या फ्रॉकचं बटण तोडून घ्यायचीस. आईने विचारलं, "पोरी, तुझी बटणं जातात कुठे?" तर मी तुझं नाव सांगितलं नाही. मला वाटायचं, नियम म्हणजे नियम.

उत्तराची घाई नाही.

तुझी धाकटी


१९ ऑगस्ट

ताई,

उत्तर नाही. हरकत नाही, मी घाई नाही असं लिहिलं होतंच. पण तू वाचनालयाची प्रमुख असताना दुपारी आलेल्या पत्राला दुपारीच उत्तर जायचं, एवढं फक्त आठवण म्हणून.

वर्ग रंगात आलाय. पुस्तकातली नेतृत्वाची लक्षणं मी एका तासात उरकली. मुलांनी ती उतरवून घेतली, परीक्षेत लिहितील आणि विसरतील. मग मी त्यांना कामाला लावलं. म्हटलं, तुमच्याकडे चार माणसं आहेत. एकाला रोज उशीर होतो, एकीची आई दवाखान्यात आहे, एक दुसऱ्याशी बोलत नाही, आणि चौथा इतकं चांगलं काम करतो की सगळे त्याच्याच गळ्यात काम घालतात. आठवड्याच्या पाळ्या लावून दाखवा.

काय भांडले! वकीलबाईंनी चौथ्यालाच जास्तीत जास्त पाळ्या दिल्या. म्हणाली, "तो करतो ना, मॅडम." अबोलीने कागद पुढे सरकवला. तिने त्या चौथ्याला एक सबंध दिवस मोकळा ठेवला होता. विचारलं का, तर खांदे उडवले. "तो दमलेला असणार, पण सांगत नसणार."

माणसं आवडत नाहीत म्हणे हिला!

बैठक कशी घ्यायची याच्या तासाला मी तुझी सोमवारची बैठक सांगितली. तुझं नाव न घेता. मोठ्या वाचनालयात आमच्या प्रमुख सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवायच्या, आणि उभ्यानेच बैठक घ्यायच्या, म्हटलं. कुणाचे पाय दुखायला लागायच्या आत विषय संपायचा. मुलांना ते भलतंच आवडलं. पुढच्या तासाला मी वर्गात शिरले तर सगळे उभे! मला वाटलं मान देतायत. तर वकील म्हणाली, "बैठक आहे, मॅडम. आज गृहपाठ कमी करण्याचा विषय आहे."

तुला सांगते, मी आठ मिनिटांत हरले.

त्या बैठकीत तू एक गोष्ट करायचीस, ती मी मुलांना सांगितली नाही. कुणाचं चुकलं असेल तर त्याचं नाव तू सगळ्यांसमोर कधी घेतलं नाहीस. "कुणाकडून तरी असं झालंय" म्हणायचीस आणि छताकडे बघायचीस. ज्याचं चुकलं त्याला कळायचं. एकदा मासिकांचा अख्खा गठ्ठा चुकीच्या ठिकाणी परत गेला, तेव्हा तू छताकडे इतका वेळ बघत राहिलीस की आमचा शिपाईही वर बघायला लागला, पाल आहे की काय म्हणून. तो गठ्ठा मी पाठवला होता. संध्याकाळी घरी जिन्यात तू मला विचारलंस, "बरी आहेस ना? चेहरा उतरलाय." म्हणजे तुला ठाऊक होतं, आणि तू विचारलंस ते मात्र चेहऱ्याबद्दल.

ते दिवस चांगले होते. सकाळी आपण दोघी एकाच वाटेने चालत कामावर जायचो. शेवटच्या वळणावर तू पुढे व्हायचीस, मी चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने मागे थांबायचे, म्हणजे कुणी म्हणायला नको की प्रमुख बाई बहिणीला घेऊन आल्या. हे आपण कधी ठरवलं नव्हतं.

आता अभ्यासक्रमात पुढचं प्रकरण आहे, कर्मचाऱ्यांच्या बदल्या. बघते काय करायचं ते.

तुझी धाकटी


३० ऑगस्ट

ताई,

मी बदलीचा तास घेतला. तुझ्या कानावर कुणाकडून येण्याआधी मीच सांगते.

पुस्तकातलं उदाहरण अगदीच मिळमिळीत होतं. मुलं जांभया द्यायला लागली. म्हणून मी म्हटलं, एक खरी हकीगत सांगते. एका मोठ्या वाचनालयात मुलांचा विभाग होता. तिथली सहायिका तो विभाग मनापासून सांभाळायची. शनिवारी गोष्टी वाचायची, तेव्हा मुलं खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा बसायची. एका सकाळी ती पाणी प्यायला गेली, तर पाण्याच्या टाकीजवळच्या फलकावर नोटीस. तिची बदली मालधक्क्यापलीकडच्या शाखेत. ती शाखा म्हणजे गोदामांच्या रांगेतली वजनकाट्याची जुनी खोली. दिवसाकाठी पाच-सहा म्हातारे वर्तमानपत्राला यायचे, आणि तिथला सहायक टेबलावर डोकं ठेवून झोपायचा. नोटीस तिच्याआधी शिपायाने वाचली होती. तिला म्हणाला, "बाई, तुम्ही चालला होय?"

मग मी विचारलं, प्रमुखांचं बरोबर की चूक?

मी निर्विकारपणे विचारलं, असं मला वाटतं.

एक मुलगा म्हणाला, "बदली करणं प्रमुखाचा अधिकार आहे." दुसरा म्हणाला, "अधिकार आहे, पण जिथे माणूस उत्तम काम करतंय तिथूनच उचलायचं ही कुठली अक्कल?" मला तो मुलगा फार आवडला. मग वकील उठली. "पण मॅडम, पुढे त्या शाखेचं काय झालं?"

"काय व्हायचंय? चालली."

"कशी चालली?"

"बरी."

"बरी म्हणजे? वाचक वाढले का?"

वाढले, म्हटलं. तिने सोडलं नाही. मग सांगावं लागलं. रात्रपाळी संपवून गोदामातली माणसं सकाळी घरी जायची, म्हणून त्या सहायिकेने शाखा सकाळी सहाला उघडायला सुरुवात केली. आधी ती माणसं नुसती बाकावर टेकायची. मग वाचायला लागली. मग त्यांच्या बायका मुलांना घेऊन यायला लागल्या. सहायिका माल चढवायच्या ओट्यावर बसून मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. तो झोपाळू सहायक जागा झाला, नुसता जागा नाही, पुढे पुढे दार उघडायला तोच आधी यायचा. शेवटी खोली पुरेना, तेव्हा शेजारचं गोदामही मिळालं.

"म्हणजे बदली यशस्वी झाली," वकील म्हणाली. "प्रमुखांना माणसाची पारख होती."

मी म्हटलं, "आज एवढंच." अजून निम्मा तास शिल्लक होता. माझा आवाज कसा झाला असेल कुणास ठाऊक, मुलं मुकाट्याने वह्या आवरायला लागली. दारात अबोली थांबली होती. म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारलं ते बदलीचं. पण त्यांना लागलं ते नोटिशीचं ना?"

मी म्हटलं, "पळ आता, उशीर होईल."

ताई, शाखा चालली हे मी कधी नाकारलेलं नाही. मला या वर्गात बोलावलं तेही त्या शाखेमुळेच, हे मला कळतं. पण यश आलं म्हणून ती सकाळ पुसली जात नाही. आपण एकाच घरात खालीवर राहत होतो. मी आणि आई खाली, तू आणि भावजी वर. आदल्या संध्याकाळी तू खाली येऊन आईशी अर्धा तास भाजीच्या भावावर बोलत बसलीस. मी समोर होते. आणि दुसऱ्या दिवशी मला शिपायाकडून कळलं. त्यानंतर आपण बोललो ते "दूध आलं का" आणि "आईची गोळी दिली का". मग आई गेली, तू परदेशी भाचीकडे गेलीस, आणि तेवढंही संपलं.

हे लिहायचं नव्हतं. पण शाईने लिहिलंय आणि कागद चांगला आहे, फाडवत नाही.

आता खरं काम. वर्ग गेल्या दोन तासिकांपासून अडून बसलाय. वकील म्हणते, "दुसरी बाजू ऐकल्याशिवाय मी मत देणार नाही. त्या प्रमुख बाई हयात आहेत का?"

आहेत, म्हटलं. उत्तम हयात आहेत.

"मग त्यांना फोनवर घ्या ना, मॅडम."

म्हणून विचारते. घेऊ का?

तुझी धाकटी


१७ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, कार्ड. "वेळ कळव. मुलांना प्रश्न आधी तयार करायला सांग." एवढंच. मी कार्ड उलटून पाहिलं, मागे चित्र होतं, तुझ्या गावातल्या कुठल्याशा तळ्याचं. तुझं ते सरळ उभं अक्षर जरा कापतंय. डोळे की हात? भाचीला विचारलं असतं, पण ती मला सांगेल आणि तुलाही सांगेल की मी विचारलं.

वेळ अशी: २६ तारीख, आमच्या सकाळी अकरा. तुझ्याकडे तेव्हा काय वाजले असतील ते भाची बघेल. विभागप्रमुख मोठा स्पीकर लावून देणार आहेत. चित्र दिसणार नाही, फक्त आवाज, इथलं इंटरनेट तेवढंच झेपतं. तुझ्या पथ्यावरच आहे, साडी नीट करायला नको.

दोन विनंत्या. एक, मुलांना आपलं नातं माहीत नाही. ती सहायिका म्हणजे मी हेही माहीत नाही. तेव्हा मला नावाने, हुद्द्याने, कशानेही हाक मार, पण ताईगिरी करू नकोस. दुसरी, खरं तेच सांग. माझी समजूत काढायला म्हणून काही बोलू नकोस. मला ते लगेच कळतं.

तुझी धाकटी


२७ सप्टेंबर

ताई,

काल तू काय बोललीस ते तुला ठाऊक आहे. पण इकडे ते कसं ऐकलं गेलं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

वर्ग गच्च भरला होता. एरवी न येणारेही आले. विभागप्रमुख वायर हातात धरून उभे, कारण सोडली की खरखर व्हायची. मी टेबलाच्या कोपऱ्याशी, अगदी तटस्थ चेहऱ्याने. फोन लागला आणि पहिलं वाक्य काय, तर सबंध वर्गभर घुमलं, "चिमे, ऐकू येतंय का गं? मला तुझ्या पंख्याचाच आवाज येतोय."

चिमे! माझ्या साठीला, चाळीस मुलांसमोर! आधी एक बारीकशी खुसखुस, मग हशाचा लोटच आला. वकील तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. दोन विनंत्यांपैकी पहिली तू पहिल्याच वाक्यात निकालात काढलीस. मी म्हटलं, "ही माझी मोठी बहीण." आणि हशा एकदम थांबला. सगळ्यांनी हिशेब जुळवला होता. ती शनिवारच्या गोष्टींची सहायिका कोण, ते कुणाला सांगावं लागलं नाही. त्या क्षणी मला वर्गातून निघून जावंसं वाटलं, पण दार मुलांच्या पलीकडे होतं.

वकिलाने प्रश्न वाचला. आवाज जरा मऊ केला होता तिने. "मॅडम, तुम्ही ती बदली का केलीत?"

तू म्हणालीस, "कारण समिती ती शाखा बंद करायला निघाली होती. मी म्हटलं, सहा महिने द्या. ते म्हणाले, सहा महिन्यांत काय होणार? मी म्हटलं, मी माझं सगळ्यांत चांगलं माणूस पाठवते. मग बघा."

ताई, मुलांनी काय केलं सांगू? कुणी माझ्याकडे बघितलं नाही. चाळीसच्या चाळीस जणांनी वह्यांकडे बघितलं. एवढी समज या मुलांना मी शिकवलेली नाही. मी फळ्याकडे तोंड केलं आणि तारीख पुसून पुन्हा तारीखच लिहिली.

तू पुढे सांगत होतीस. मुलांच्या विभागात दोन चांगल्या मुली तयार झाल्या होत्या, तो चालला असता. शाखेला मात्र असं कुणीतरी हवं होतं, जे वाचकाची वाट बघत बसणार नाही. शिवाय लोक कुजबुजत होते की धाकट्या बहिणीला मोक्याची जागा दिलीय. "त्याचा मला त्रास व्हायचा," म्हणालीस. "पण त्यासाठी बदली केली नाही. तेवढ्यासाठी केली असती तर ती भेकडपणाची झाली असती."

मला वाटलं, झालं. प्रश्नोत्तरं संपली, तू जिंकलीस, नेहमीसारखी. विभागप्रमुख आभार मानायला घसा साफ करत होते. इतक्यात शेवटच्या बाकावरून अबोली उठली. सत्रभरात स्वतःहून एकदाही न उठलेली ही मुलगी. वहीत काही लिहिलेलं नव्हतं तिने. म्हणाली,

"हे तुम्ही त्यांना तेव्हा का नाही सांगितलं?"

स्पीकरमधून काहीच आलं नाही. विभागप्रमुखांनी वायर दाबून पाहिली. त्यांना वाटलं फोन तुटला. मला ठाऊक होतं तुटलेला नाही. तुझा श्वास मला ओळखू येतो, आपण एका खोलीत इतकी वर्षं झोपलो.

मग तू म्हणालीस, "नाव काय गं तुझं, मुली? असू दे. दुसरी कुणी असती ना, तर मी तिला केबिनमध्ये बोलावलं असतं. चहा मागवला असता. समितीचं सगळं सांगितलं असतं, तुझी गरज आहे म्हणाले असते. माझ्या कारकिर्दीत प्रत्येकाला मी तसं सांगितलंय. ही बहीण होती. मला वाटलं, हिला काय सांगायचं. हिला कळेलच." मग म्हणालीस, "आदल्या दिवशी मी खाली गेले होते सांगायला. आई बसली होती. मी भाजीचे भाव काढले. आणि मग वर गेले."

अबोली म्हणाली, "कळत नाही, मॅडम. सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही."

"नाही कळत," तू म्हणालीस. "लिहून घ्या सगळ्यांनी. तुमच्या पुस्तकात नसेल ते."

आणि ताई, सगळ्यांनी वह्या उघडल्या. चाळीस पेनांचा आवाज तुला तिकडे आला का माहीत नाही. मला अजून येतोय.

तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. समितीचं ऐकून बरं वाटलं की आणखी वाईट, तेही मला अजून ठरवता आलेलं नाही. इतकी वर्षं मी ज्याला शिक्षा समजत होते, ती शाबासकी होती, आणि ती मला कुणी दिलीच नाही. काल मिळाली, तीही स्पीकरवरून, खरखरीसकट. सकाळपासून स्वयंपाकघरात दोनदा हसले आणि एकदा डोळे पुसले. कांदा चिरत नव्हते.

मुलं गेल्यावर तू विचारलंस, "गेली का सगळी?" मी म्हटलं, गेली, आणि स्पीकरची वायर काढून फोन कानाला लावला. आणि मग आपण जे बोललो ते मी इथे लिहीत नाही, ते आपल्या दोघींचं. फक्त एक राहिलं. फोन ठेवताना तू म्हणालीस, "चिमे, ती शाखा मी कधी आतून पाहिलीच नाही गं. कशी होती?" आणि तेवढ्यात विभागप्रमुख वायर गुंडाळायला आले.

तर कशी होती ते पुढच्या कागदावर. आज हात दुखतोय.

चिमी


१० ऑक्टोबर

ताई,

पहिला दिवस सांगते.

कुलूप गंजलेलं होतं. झोपाळू सहायक अजून आला नव्हता. मी किल्ली फिरवत उभी, तर समोर लागलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. त्याने कुलपात थोडं तेल सोडलं, दोन हातांनी शटर वर ढकललं, आणि आत डोकावून म्हणाला, "इथे काय मिळतं?"

"पुस्तकं."

"विकत?"

"नाही. वाचायला न्यायची आणि परत आणून द्यायची."

त्याने जरा विचार केला. "मग यात तुमचा काय फायदा?"

मी म्हटलं, "आत या, बघा तरी." आत धूळ आणि जमिनीत रुतलेली वजनकाट्याची लोखंडी फळी; तिच्यावर पाय पडला की ती अजून धडधडून हलायची. तो त्या फळीवर उभा राहिला आणि हसला. माझं वजन कुठे दिसतं, म्हणाला. मग पुस्तकांपुढून हळूहळू चालत गेला आणि नकाशांचं पुस्तक काढलं. ज्या रस्त्यांनी तो रोज जायचा ते रस्ते शोधत उभ्याउभ्याच पानं उलटत राहिला. एक सापडला तेव्हा त्याने मला हाक मारली. "बाई, हा बघा! इथे मी जेवायला थांबतो!" आणि त्या जागेवर बोट ठेवलं, तेलाच्याच बोटाने. नियमाप्रमाणे मी त्याला अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही. पुस्तक त्याला नेऊ दिलं. तो माझा पहिला वाचक.

दुपारी खिडकी उघडली तर मालगाड्यांचे डबे दिसायचे, एकामागे एक, सावकाश सरकणारे. त्या उन्हात सगळी खोली तांबूस व्हायची. मी मनाशी म्हटलं, मुलांना इथे बसवलं तर ती गोष्ट ऐकणार नाहीत, डबेच मोजतील. आणि मग वाटलं, मोजू देत.

संध्याकाळी घरी आले. ड्रायव्हरची गंमत तुला सांगायची म्हणून मी तडक वरच्या जिन्याने निघाले. दारात तुझ्या चपला दिसल्या, आणि तेव्हा आठवलं की मी तुझ्याशी बोलत नाही. तशीच खाली उतरले. आईने विचारलं, "काय गं, कसा गेला दिवस?" मी म्हटलं, बरा.

तो बरा नव्हता, ताई. छान होता. तुला सांगायला इतकी वर्षं लागली एवढंच.

भाची म्हणते तुम्ही डिसेंबरात येताय. माझ्याकडेच उतरायचं, वरचा मजला भाड्याने दिलाय आणि खाली मी एकटीच आहे. वर्ग तोवर संपलेला असेल. नेहमीच्या मॅडम परत येतायत, पण विभागप्रमुखांनी पुढच्या वर्षीही चार तास देऊ केलेत आणि मी हो म्हटलंय. अबोलीला शिकतानाच एका कॉलेजच्या ग्रंथालयात संध्याकाळची नोकरी लागली. तिच्या हाताखाली दोन माणसं आहेत. कालच भेटून गेली, म्हणाली, "मॅडम, दोघांनाही पहिल्याच दिवशी बसवून सगळं सांगितलं. घाम फुटला मला."

शाखा अजून सकाळी सहालाच उघडते. तुला पहाटे उठवेन, कुरकुर करायची नाही. चालतच जाऊ, मालधक्क्यावरून जवळ पडतं. तिथे आता एक नवी मुलगी काम बघते, ती मला ओळखते, तुला ओळखत नाही. मी तिला एवढंच सांगेन की ही माझी मोठी बहीण, हिला शाखा बघायची आहे. मग तू तुला हवं तितकं मधेमधे बोल.

चिमी